खेडचं तिकीट आणि सर्व्हरची आठवण

बुरोंडी हे दापोली तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. शेजारी लाडघर आणि कोळथरे, बंदरात मासेमारीच्या होड्या, आणि पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेली बरीच माणसं. गावाला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन खेड. तिथून दापोलीमार्गे एसटीने किंवा वडापच्या गाडीने गाव गाठायचं. गणपतीला घरी जायचं म्हणजे मांडवी, कोकणकन्या किंवा तुतारी एक्सप्रेसचं खेडपर्यंतचं तिकीट हाती हवं. २०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. त्यामुळे २५ ऑगस्टच्या गाडीचं आरक्षण २६ जूनला सकाळी ८ वाजता उघडलं.

आता त्या सकाळी नालासोपाऱ्यातल्या किंवा परळमधल्या एखाद्या घरात काय चालतं ते पाहू. फोनवर लॉगिन. गाड्यांची यादी. गाडी आणि वर्ग निवडणं. चौघांची नावं आणि वयं. तपासणीचं पान. मग बँक, ओटीपी, आणि शेवटी तिकीट. घरातल्यांच्या लेखी हे एकच सलग काम आहे. सर्व्हरच्या लेखी मात्र या सहा-सात सुट्या विनंत्या आहेत. तिसरी विनंती करणारा फोन आणि दुसरी करणारा फोन एकच, हे त्याला आपणहून कळत नाही. चौथ्या पानावर आजीचं वय भरलं, ते सहाव्या पानापर्यंत कुठे राहिलं? कुणी सांभाळलं? किती वेळ? मध्येच लाईन गेली तर त्याचं काय झालं? हे प्रकरण एवढ्याच प्रश्नांवर आहे. जावामध्ये वेबसाठी काम करणाऱ्या प्रत्येकाला त्यांची उत्तरं द्यावी लागतात, आणि ती चुकीची दिली तर गणपतीला घरी पोचायचं राहून जातं.

सर्व्हर विसरतो याचं कारण वेबच्या जन्मात आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली ती संशोधकांची कागदपत्रं एकमेकांना जोडण्यासाठी. एचटीटीपीची पहिली आवृत्ती इतकी साधी होती की विनंती एका ओळीची असे: ‘अमुक कागद दे’. सर्व्हर तो कागद पाठवी आणि जोडणी तोडून टाकी. कागद मागणाऱ्याला लक्षात ठेवायची गरजच नव्हती. हा विसराळूपणा उणीव वाटतो, पण वेब जगभर पसरली त्यात त्याचा वाटा मोठा आहे. कुणालाच लक्षात ठेवायचं नसेल तर एक सर्व्हर लाखो लोकांना पुरतो. तो बंद पडला तर दुसरा लगेच त्याच्या जागी उभा राहतो, कारण पहिल्याकडून समजून घ्यावं असं काही नसतंच.

रेल्वेचं आरक्षण याच्या अगदी उलट वातावरणात वाढलं. संगणकावरचं आरक्षण दिल्लीत १९८५ साली सुरू झालं. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांच्या प्रणाली १९९९ मध्ये एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि कुठल्याही खिडकीवरून कुठल्याही गाडीचं तिकीट काढता येऊ लागलं. खिडकीतल्या कर्मचाऱ्याचं टर्मिनल मुख्य संगणकाला कायम जोडलेलं असे. तारेच्या त्या टोकाला कोण बसलं आहे आणि व्यवहार कुठवर आला आहे, हे संगणकाला ठाऊक असे. २००२ साली आयआरसीटीसीने तिकिटं इंटरनेटवर आणली आणि खिडकीवरचं हे सलग संभाषण विसराळू एचटीटीपीवर चालवायची वेळ आली. टर्मिनलच्या तारेने जे फुकट दिलं होतं, ते आता प्रोग्रामरला स्वतःच्या हाताने बांधावं लागणार होतं.

पहिली सोय तोवर झालेली होती. नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये कुकी तयार केली. त्यामागचं कारण आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. एमसीआय या दूरसंचार कंपनीला ऑनलाइन विक्रीची प्रणाली हवी होती, पण गिऱ्हाइकांचे अर्धवट राहिलेले व्यवहार आपल्या सर्व्हरवर साठवत बसायची तिची तयारी नव्हती. ते व्यवहार गिऱ्हाइकाच्याच संगणकावर ठेवता येतील का, या प्रश्नातून कुकी निघाली. म्हणजे आठवण कुणी वाहायची, सर्व्हरने की ब्राउझरने, हा वाद पहिल्या दिवसापासून आहे आणि तो आजही मिटलेला नाही.

सरकारी दवाखान्यातला केसपेपर डोळ्यांसमोर आणला की दोन्ही बाजू नीट दिसतात. काही दवाखान्यांत केसपेपर कपाटात राहतो आणि रुग्णाकडे फक्त नंबराची चिठ्ठी असते. आज ड्यूटीवर दुसरे डॉक्टर असले तरी नंबर सांगितला की कागद निघतो. काही ठिकाणी केसपेपर रुग्णालाच देतात; तो त्याने जपायचा आणि दर वेळी घेऊन यायचं. पहिल्या पद्धतीत कपाट सांभाळावं लागतं. दुसरीत कागद हरवतो, भिजतो, आणि त्यावर कुणी काही लिहिलं तर ते डॉक्टरांनीच लिहिलं की नाही, हे तपासावं लागतं.

जावाने प्रामुख्याने पहिली पद्धत घेतली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्व्हलेट ही मांडणी आणली, आणि तिच्यात एचटीटीपी-सेशन नावाचा ऑब्जेक्ट दिला. टॉमकॅटसारख्या सर्व्हलेट कंटेनरमध्ये हे असं चालतं. विनंती आली की मोकळा असलेला एखादा थ्रेड ती हाती घेतो. मूळ मांडणीत असे जास्तीत जास्त २०० थ्रेड असतात. विनंतीच्या आयुष्यात तयार झालेले बहुतेक ऑब्जेक्ट उत्तर रवाना झालं की निराधार होतात, आणि गार्बेज कलेक्टर त्यांची जागा मोकळी करतो. प्रोग्रामरने ‘सेशन दे’ असं सांगितलं असेल तर मात्र कंटेनर एक नवा सेशन उघडतो, त्याला १६ बाइट्सचा यादृच्छिक क्रमांक देतो, आणि ३२ अक्षरांत लिहिलेला तो क्रमांक ‘जेसेशनआयडी’ या कुकीतून ब्राउझरकडे पाठवतो. त्यानंतरच्या प्रत्येक विनंतीसोबत ब्राउझर तो क्रमांक परत आणतो आणि कंटेनर आपल्या मेमरीतल्या तक्त्यातून त्या क्रमांकाचा सेशन शोधून देतो.

क्रमांक यादृच्छिक असण्याला कारण आहे. तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळा व्यवहार. अंदाजाने तो काढता आला तर दुसऱ्याच्या खात्यात शिरता येईल. म्हणून लॉगिन होताच क्रमांक बदलायचा, कुकी फक्त सुरक्षित जोडणीवरूनच जाऊ द्यायची आणि पानावरच्या जावास्क्रिप्टला ती वाचू द्यायची नाही, ही तीन पथ्यं पाळावी लागतात. पहिल्या पथ्यासाठी २०१३च्या सर्व्हलेट ३.१ मध्ये वेगळी सोयच केली गेली.

सेशन किती वेळ जगतो? टॉमकॅटच्या मूळ मांडणीत ३० मिनिटं, तीही शेवटच्या विनंतीपासून मोजलेली. माणूस फोन ठेवून चहा प्यायला गेला की ब्राउझर बंद केला, हे सर्व्हरला कळत नाही. त्याला फक्त शांतता कळते. म्हणून तो वाट पाहतो, आणि वाट पाहण्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. एक हिशेब करून पाहा. एकाच वेळी १ लाख २० हजार माणसं आत आहेत आणि प्रत्येकाच्या सेशनमध्ये १०० किलोबाइटचं ओझं आहे. सगळं मिळून साधारण १२ गिगाबाइट होतात. तेच ओझं ५ किलोबाइटवर आणलं तर ६०० मेगाबाइट. गाड्यांची अख्खी यादी सेशनमध्ये टाकणं आणि फक्त निवडलेल्या गाडीचा नंबर टाकणं, यातला फरक एवढा आहे. निघून गेलेल्या माणसांचे सेशनही अर्धा तास जागा अडवून बसलेले असतात, ते वेगळेच.

१ लाख २० हजार हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. १३ ऑगस्ट २०१४ रोजी तत्कालीन रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी आयआरसीटीसीच्या नव्या पिढीच्या ई-तिकीट प्रणालीचं उद्घाटन केलं, तेव्हा जाहीर झालेली क्षमता अशी होती: मिनिटाला २००० ऐवजी ७२०० तिकिटं, आणि एका वेळी ४० हजारांऐवजी १ लाख २० हजार वापरकर्ते. ही प्रणाली उभारणाऱ्या क्रिस या रेल्वेच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने पिव्होटल कंपनीचं जेमफायर हे उत्पादन वापरलं. जेमफायर मुख्यतः जावात लिहिलेलं आहे. अनेक यंत्रांची मेमरी एकत्र जोडून तो एकच मोठा साठा असल्यासारखी वापरू देणं, हे त्याचं काम. २०१५ साली त्याचा गाभा अपाचे संस्थेकडे गेला आणि जिओड या नावाने सर्वांसाठी खुला झाला.

असा सामायिक साठा का लागतो? एवढा भार एका यंत्रावर मावत नाही. यंत्रं अनेक होतात, त्यांच्या पुढे भार वाटून देणारा लोड बॅलन्सर बसतो, आणि विनंती कुठल्या यंत्रावर जाईल ते तो ठरवतो. आजीचं वय पहिल्या यंत्राच्या मेमरीत आहे आणि पुढची विनंती चौथ्या यंत्रावर गेली, तर चौथ्याला आजी माहीतच नाही. यावर सोपा तोडगा म्हणजे एक माणूस कायम एकाच यंत्राकडे पाठवायचा. टॉमकॅट त्यासाठी सेशन क्रमांकाला यंत्राच्या नावाचं शेपूट जोडू शकतो. पण ते यंत्र पडलं तर त्याच्यावरची सगळी माणसं एकदम लॉगिनच्या पानावर येऊन उभी राहतात, आणि असं व्हायची शक्यता सकाळी ८ वाजून २ मिनिटांनीच सर्वांत जास्त असते. म्हणून कपाट यंत्रांच्या बाहेर नेलं जातं: जेमफायर, रेडिस, हेझलकास्ट किंवा साधा डेटाबेस. कुठल्याही यंत्राने नंबर विचारावा आणि कागद काढावा.

ऑब्जेक्ट मेमरीतून बाहेर जाणार असेल तर त्याचे बाइट्स करावे लागतात. याला सिरियलायझेशन म्हणतात. जावाच्या १.१ या १९९७च्या आवृत्तीपासून ही सोय भाषेतच आहे, आणि प्रोग्रामरच्या रात्री खाणाऱ्या तीन गोष्टी इथेच राहतात. त्या मला सविस्तर सांगायच्या आहेत, कारण चाचणीच्या एकट्या यंत्रावर त्या कधीच दिसत नाहीत.

पहिली गोष्ट लवाजम्याची. ‘प्रवासी’ ऑब्जेक्ट बाहेर पाठवला की त्याने ज्यांना धरून ठेवलंय तेही सगळे त्याच्यासोबत निघतात. प्रवाशाने खातं धरलंय, खात्याने मागची सगळी तिकिटं धरलीत, तिकिटांनी गाड्या धरल्यात. आजीचं नाव आणि वय साठवायला गेलात आणि अर्धा मेगाबाइट लिहिला गेला. साखळीतल्या एखाद्या ऑब्जेक्टला बाहेर जायची परवानगीच नसेल, म्हणजे त्याच्या क्लासने सिरियलायझेबल असल्याचं सांगितलेलं नसेल, तर सगळी प्रक्रियाच अपवाद फेकून थांबते. डेटाबेसची जोडणी किंवा उघडी फाइल अशा वस्तू तर बाहेर पाठवताच येत नाहीत. त्यांच्यापुढे ट्रान्झिएंट हा शब्द लिहून त्यांना मागे ठेवायचं आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा मिळवायच्या.

दुसरी गोष्ट बदलाच्या दवंडीची. सेशनमधून प्रवासी काढला, त्याचं वय ६९चं ७० केलं आणि सोडून दिलं. एकाच यंत्रावर हे चालतं, कारण सेशन आणि तुम्ही एकच ऑब्जेक्ट धरून असता. सामायिक साठ्याच्या बाबतीत मात्र बऱ्याच प्रणाली ‘सेट-ॲट्रिब्यूट’ पुन्हा म्हटल्याशिवाय बदल झाला असं मानतच नाहीत. टॉमकॅटच्या स्वतःच्या डेल्टा मॅनेजरचंही तसंच आहे. मग या यंत्रावर वय ७०, त्या यंत्रावर ६९, आणि कुठलं दिसेल ते लोड बॅलन्सरच्या मर्जीवर. हा दोष शोधायला सर्वांत कठीण, कारण तो दहापैकी तीनदाच दिसतो.

तिसरी गोष्ट नव्या आवृत्तीची. रात्री नवा कोड चढवला, प्रवाशाच्या क्लासमध्ये ‘वरच्या बर्थची अडचण आहे का’ हा नवा रकाना आला. साठ्यात जुन्या कोडने लिहिलेले हजारो सेशन पडलेले आहेत. क्लासची आवृत्ती सांगणारा क्रमांक प्रोग्रामरने स्वतः ठरवलेला नसेल तर जावा तो क्लासच्या रचनेवरून काढते, रचना बदलली की क्रमांक बदलतो, आणि जुना सेशन उघडायला गेलं की ‘हा तो क्लास नव्हे’ असं म्हणून ती नकार देते. क्रमांक पक्का करून ठेवला तर नवा रकाना रिकामा राहून बाकीचं नीट उघडतं. हे सर्व टाळायचा माझ्या मते सर्वांत सरळ मार्ग म्हणजे सेशनमध्ये ऑब्जेक्ट ठेवायचेच नाहीत. क्रमांक, छोटे शब्द, तारखा, बस्स.

पण प्रश्न इथे संपत नाही, उलट गाभ्याशी येतो. काही ऑब्जेक्टांची ओळख डेटाबेसमध्ये असते. त्यांचं खरं रूप तक्त्यातल्या एका ओळीत असतं आणि मेमरीतला ऑब्जेक्ट म्हणजे त्या ओळीची त्या क्षणाची प्रत. या दोघांची सांगड घालण्यासाठी गॅव्हिन किंग या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००१ मध्ये हायबरनेट सुरू केलं. त्यातल्या बऱ्याच कल्पना २००६ मध्ये जेपीए या नावाने जावाच्या मानकात आल्या. हायबरनेटने ऑब्जेक्टला अवस्था दिल्या, आणि दोन विनंत्यांमधल्या सगळ्या गुंत्याची किल्ली त्या अवस्थांमध्ये आहे.

नुकताच जन्मलेला ऑब्जेक्ट डेटाबेसला ठाऊक नसतो. डेटाबेसमधून वाचलेला ऑब्जेक्ट सांभाळलेला असतो: हायबरनेट त्याच्यावर नजर ठेवतं, आणि तुम्ही वय बदललंत तर व्यवहाराच्या शेवटी आपणहून ओळ दुरुस्त करतं. ही नजर ज्या चौकटीत असते तिला पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्ट म्हणतात. साधारण रिवाजात ही चौकट विनंतीबरोबर उघडते आणि विनंतीबरोबर मिटते. चौकट मिटली की ऑब्जेक्ट सुटा होतो. सुटा ऑब्जेक्ट दिसायला तसाच, नाव तेच, वय तेच. पण आता त्याच्यावर कुणाची नजर नाही. त्याच्यातला बदल कुठेही लिहिला जाणार नाही. त्याने धरलेली यादी अजून वाचलेली नसेल आणि आता मागितली, तर हायबरनेट थेट अपवाद फेकतं. लेझी इनिशियलायझेशनचा तो अपवाद जावाचं काम करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी लाल अक्षरांत पाहिलेला असतो. चौकट पान तयार होईपर्यंत उघडी ठेवणं हा त्यावरचा प्रचलित उपाय. स्प्रिंग बूटमध्ये तो मुळातच चालू असतो, आणि तो चालू असल्याचा इशाराही सुरुवातीलाच मिळतो. एका विनंतीपुरता तो पुरतो. पुढच्या विनंतीत ऑब्जेक्ट पुन्हा सुटाच.

आता खरा धोका पाहा. मुंबईतल्या मुलाने नेहमीच्या प्रवाशांची जतन केलेली यादी उघडली. आजी, वय ६९, वेंगुर्ल्याची मावशी, वय ६१. ऑब्जेक्ट सेशनमध्ये गेले, सुटे झाले. त्याच खात्यावरून बुरोंडीतल्या बहिणीने मधल्या चार मिनिटांत आजीचं वय ७० केलं. मुलाने आपल्या पानावर आजीच्या नावाचं स्पेलिंग सुधारलं आणि जतन केलं. प्रोग्रामरने सुटा ऑब्जेक्ट ‘मर्ज’ केला. मर्ज फक्त बदललेला रकाना नेत नाही. सुट्या ऑब्जेक्टमधली सगळी स्थिती तो ओळीवर उतरवतो. वय पुन्हा ६९. बहिणीची दुरुस्ती गेली, कुणाला चूक दिसली नाही, कुठे नोंद झाली नाही. डेटाबेसचा व्यवहार दोन्ही वेळा नीट पार पडला, कारण डेटाबेसच्या व्यवहाराला दोन विनंत्यांमधली ती चार मिनिटं दिसतच नाहीत.

उपाय लहान आहे आणि तो आधीपासून जेपीएत आहे. प्रत्येक ओळीला आवृत्तीचा एक आकडा द्यायचा. ओळ वाचली तेव्हा आकडा ७ होता. लिहिताना म्हणायचं: ‘या क्रमांकाची आणि आवृत्ती ७ असलेली ओळ बदल, आणि आवृत्ती ८ कर.’ मध्ये बहीण लिहून गेल्यामुळे आवृत्ती आधीच ८ झालेली आहे, म्हणून अशी ओळच सापडत नाही. शून्य ओळी बदलल्या. हायबरनेट हे ओळखतं आणि अपवाद फेकतं. मुलाला पान सांगतं की ही माहिती दरम्यान बदलली आहे, पुन्हा पाहा. याला आशावादी कुलूप म्हणतात, कारण कुणी आड येणार नाही अशा आशेने काम चालू राहतं आणि तपासणी फक्त शेवटी होते. एक खबरदारी मात्र हवी. आवृत्तीचा आकडा पानासोबत गेला आणि पानासोबतच परत आला पाहिजे. पुढच्या विनंतीत ओळ ताजी वाचून तिच्याच आकड्याशी तिची तुलना केली तर तपासणी नेहमी यशस्वी होते आणि कुलूप असून नसल्यासारखं. माझ्या पाहण्यात ही चूक मर्जच्या चुकीइतकीच वारंवार येते.

दुसरा मार्ग निराशावादी कुलपाचा: सुरुवातीलाच ओळ अडवायची आणि काम होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. सिनेमाच्या तिकिटांत आपण तो रोज पाहतो. खुर्ची निवडली की काही मिनिटं ती तुमची, घड्याळ उलटं चालतं. रेल्वेने हा मार्ग घेतलेला नाही. गाडीच्या यादीत दिसणारी उपलब्ध जागांची संख्या त्या क्षणाची असते. तुम्ही नावं भरत असता तेव्हा तुमच्यासाठी कुठलाही बर्थ राखलेला नसतो. पैसे भरल्यावर आरक्षण प्रणाली जागा देते, आणि तोवर त्या गेल्या असतील तर हाती प्रतीक्षायादीचा क्रमांक येतो. लोकांना याचा राग येतो, आणि तो मला समजतो. पण जागा आधीच अडवता आल्या असत्या तर? खोट्या खात्यांचे हजारो सेशन ८ वाजता आत शिरतील, पैसे न भरता सगळे बर्थ धरून बसतील, आणि मुदत संपताच पुन्हा धरतील. मागणी जागांच्या कित्येक पट असते तिथे शेवटी तपासणं हेच मला न्याय्य वाटतं. प्रणाली स्थिती कुठे आणि कधी पक्की करते, या तांत्रिक निवडीचा परिणाम खेडच्या फलाटावर कोण उतरतो, इथपर्यंत जातो.

दोन टॅबचा प्रश्नही इथेच येतो. एका टॅबमध्ये मांडवी उघडली, दुसऱ्यात तुतारी. कुकी दोन्ही टॅबची एकच, म्हणून सेशनही एकच. सेशनमध्ये ‘निवडलेली गाडी’ अशी एकच जागा असेल तर नंतर उघडलेली तुतारी तिथे बसते, आणि पहिल्या टॅबमध्ये ‘पुढे’ दाबणाऱ्याला तुतारीचं तिकीट मिळतं. २००९च्या सीडीआय मानकाने यासाठी संभाषण नावाची कक्षा दिली: विनंतीहून मोठी, सेशनहून लहान, आणि प्रत्येक टॅबला स्वतःचा क्रमांक. कल्पना चांगली आहे, पण ती फारशी रुळली नाही. आज बहुतेक जण निवडलेल्या गाडीचा नंबर पत्त्यात किंवा फॉर्ममध्ये ठेवतात, म्हणजे टॅबची आठवण टॅबपाशीच राहते.

उरला केसपेपर रुग्णाच्याच हाती देण्याचा प्रकार. २०१५ पासून जेडब्ल्यूटी या नावाने तो प्रमाणित झाला. वापरकर्ता कोण, त्याला काय करायची मुभा आहे, कुठवर आहे, हे सगळं एका मजकुरात लिहून त्यावर सर्व्हरची डिजिटल सही करायची आणि तो ब्राउझरला द्यायचा. सही असल्याने मजकूर कुणी बदलला तर कळतं. कपाट लागत नाही. पण एकदा दिलेलं पत्र मुदत संपेपर्यंत चालतं. फोन चोरीला गेला म्हणून ते रद्द करायचं असेल तर रद्द पत्रांची यादी ठेवावी लागते, म्हणजे पुन्हा कपाट आलंच. शिवाय सहीमुळे बदल कळतो, वाचन थांबत नाही. त्यात आधार क्रमांक लिहून पाठवणं हा बेजबाबदारपणा आहे.

सर्वांत नाजूक टप्पा बँकेचा. इथे माणूस तुमच्या साईटवरून निघून दुसऱ्याच्या साईटवर जातो. परत येईल की नाही, सांगता येत नाही. ओटीपीचा संदेश उशिरा येतो. दापोलीहून बुरोंडीकडे येताना वळणांवर नेटवर्क जातं. सेशन तोवर संपलेला असू शकतो. म्हणून बँकेकडे पाठवण्याआधी डेटाबेसमध्ये एक ओळ लिहावी लागते: व्यवहार क्रमांक, गाडी, प्रवासी, रक्कम, आणि अवस्था ‘पैसे येणं बाकी’. सेशनमध्ये फक्त तो व्यवहार क्रमांक. बँक आपलं उत्तर ब्राउझरकरवी पाठवते, आणि चांगल्या मांडणीत स्वतंत्रपणे थेट सर्व्हरलाही कळवते. दोन्ही उत्तरं पोचली तर काम एकदाच व्हायला हवं, म्हणून व्यवहार क्रमांकावर डेटाबेसची अद्वितीयतेची अट असते, आणि अवस्था बदलताना ‘आत्ता बाकी असेल तरच पूर्ण कर’ असं आवृत्तीसारखंच तपासलं जातं. घाईत बटण दोनदा दाबणाऱ्याचे पैसेही याच अटीमुळे वाचतात.

एकही उत्तर पोचलं नाही, असंही होतं. मग दर काही मिनिटांनी चालणारं एक वेगळं काम ‘बाकी’ अवस्थेत अडकलेल्या ओळी शोधतं, एकेका व्यवहार क्रमांकाची बँकेकडे चौकशी करतं, आणि पैसे आले असतील पण तिकीट निघालं नसेल तर परताव्याची नोंद करतं. त्या वेळी फोन बंद असला तरी चालतं. या कामाला ना कुकी लागते, ना सेशन. तक्त्यातली ओळ आणि तिचा क्रमांक एवढ्यावर ते चालतं, आणि ओळ बँकेकडे जायच्या आधी लिहिलेली नसेल तर त्याला शोधायला काहीच सापडत नाही.